कोल्हारकडे वळणारी गन

इथले गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. चहा पीत वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसते. राग मानू नका, पण मी असलं काही न मानणाऱ्यांच्या जातकुळीतली आहे. माझ्या दवाखान्याचं उद्घाटन मी अमावास्येला केलं होतं. आईनं कपाळावर हात मारून घेतला, तेव्हा मी म्हटलं, "दाताला कीड लागताना तिथी बघून लागते का?" लिंबू-मिरची, काळा धागा, निघताना कुणीतरी शिंकणं... यातलं काहीच मला कधी चिकटलं नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे हे बघून संतोष, म्हणजे माझा नवरा, शेजारच्या खोलीत जो काही हसतोय तो आवाज तुम्हाला ऐकू येत नाही हे तुमचं नशीब.

आधी ठिकाण सांगते. नगर. आता अहिल्यानगर म्हणायचं, कागदावर मी तसंच लिहिते, पण तोंडात नगरच येतं. सावेडीत, मनमाड रोडपासून थोडं आत आमचं घर. खाली माझा दातांचा दवाखाना, वर आम्ही तिघं — मी, संतोष आणि माझे सासरे, अप्पा. मुलगी शिकायला पुण्याला असते. तिच्या रिकाम्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर माझा उद्योग चालतो. घडलं ते सगळं त्याच टेबलावर.

उद्योग म्हणजे प्लास्टिकची मॉडेलं. लष्करी गाड्यांची किट मिळतात, खऱ्या गाडीच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. खोक्यात प्लास्टिकच्या चौकटींना लागलेले बारीक बारीक भाग येतात. ते कापायचे, कानशीनं घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, आणि शेवटी एवढ्या मेहनतीनं नवीकोरी केलेली गाडी मुद्दाम जुनी करायची — धूळ, गंज, ओरखडे. लॉकडाउनमध्ये दवाखाना बंद होता, हातांना चैन पडेना, म्हणून सुरू केलं ते सुटलंच नाही. दातांच्या डॉक्टरला हे काम फार जमतं. बोथट झालेली माझी सगळी हत्यारं पेन्शनीत निघाली की वरच्या मजल्यावर येतात. "दिवसभर लोकांची तोंडं कोरतेस आणि संध्याकाळी रणगाडे," असं संतोष म्हणतो. म्हणू दे. त्याचं क्रिकेट मी कधी काढते का?

तसं नगरच्या माणसाला रणगाड्याचं अप्रूप नसतं. इथे लष्कराची छावणी आहे. शाळेची सहल रणगाड्यांच्या म्युझियमलाच जाणार, आणि रेंजवर फायरिंग सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरणार, हे धरूनच आम्ही मोठे झालो. पण माझ्या टेबलावरच्या या रणगाड्याची गोष्ट वेगळी होती, कारण तो अप्पांचा होता.

अप्पा मूळचे तिसगावचे. फौजेत ते टी-पंचावन्न रणगाड्यावर ड्रायव्हर होते. 'रणगाडा' म्हटलेलं त्यांना खपत नाही, 'गाडी' म्हणायचं. लढाई बघून आले, पेन्शन घेऊन गावी शेती केली, आणि सासूबाई गेल्यावर आमच्याकडे राहायला आले. आता त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झालाय. बरोबर समोरचं दिसत नाही. उजेड कळतो, कडेनं काही हललं तर कळतं. माणूस ते आवाजावरून ओळखतात. याची तक्रार त्यांनी कधी केली नाही, पण बोलणं मात्र हळूहळू कमी होत गेलं. माझा हा सासरा मला फार आवडतो. लग्नानंतर 'सूनबाई' म्हणायच्या ऐवजी पहिल्याच दिवशी 'डॉक्टर' म्हणाला होता, तेव्हापासून. त्यामुळे त्यांचं ते गप्प बसून राहणं मला लागायचं.

यंदा त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. संतोष वही घेऊन त्यांच्यासमोर बसला आणि म्हणाला, "अप्पा, सांगा, कोणाकोणाला बोलवायचं?"

अप्पा म्हणाले, "तुमाला बोलवायचं त्याला बोलवा. माझ्या गाडीतलं आता कोनी ऱ्हायलं न्हाई."

बस्स, एवढंच. आणि तोंड फिरवून बसले. संतोषनं वही मिटली. त्या दिवशी मी ठरवलं, अप्पांना त्यांची गाडी करून द्यायची. डोळ्यांना दिसली नाही तरी हातांना दिसेल.

हे गुपित ठेवायचा माझा बेत होता. थिनरच्या वासानं तो एका दिवसात फुटला. मग अप्पा रोज सकाळी काठी टेकत त्या खोलीत यायला लागले. मी भाग चिकटवायचे, ते वाळला की बोटांनी चाचपायचे. "हितं पेटी हुती. मागं केबल गुंडाळून ठेवायचो. हे लई गुळगुळीत झालंय डॉक्टर, आमची गाडी कुठं एवढी नटली हुती?" असं चालायचं. चेनपट्ट्यांवर लावायला त्यांनी तिसगावच्या शेतातली माती मागवली. ती मी ओढणीतून वस्त्रगाळ केली. महिनोन् महिने न बोललेला माणूस चहा गार होईपर्यंत बोलत बसायचा. मी मनात म्हणायचे, हे किट कधी संपूच नये.

आता मुद्द्यावर येते. रणगाड्याच्या वर जो फिरणारा भाग असतो, ज्यातून गन बाहेर येते, त्याला टरेट म्हणतात. मॉडेलमध्ये तो चिकटवत नाहीत, नुसता बसवतात, म्हणजे फिरवता येतो. मी टरेट बसवलं, गन सरळ समोर केली आणि झोपायला गेले. सकाळी बघते तर गन डावीकडे वळलेली. खिडकीकडे.

मला वाटलं, संतोषचे हात शिवशिवले असणार. त्यानं साफ नाही म्हटलं. मी गन सरळ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खिडकीकडे. एकदा झालं तर योगायोग, दुसऱ्यांदा झालं तर संतोष, असा माझा हिशेब होता. पण मग तो कंपनीच्या कामाला पुण्याला गेला, मुक्कामाला राहिला, आणि तरीही सकाळी गन खिडकीकडेच!

अप्पांवर संशय घेणं शक्य होतं. पण ते त्या खोलीत आले की काठीचा आवाज येतो, शिवाय ओल्या रंगाला त्यांनी हात लावला असता तर ठसे उमटले असते. मग मी डोकं चालवायला लागले. मनमाड रोडवरच्या ट्रकांचे हादरे? रेंजवरचं फायरिंग? टेबलाला उतार? उतार असेल तर गाडी उलटी ठेवली की गन दुसऱ्या अंगाला जायला हवी. म्हणून गाडी शेपटाकडून फिरवून ठेवली. सकाळी टरेट उलट्या अंगानं वळून पुन्हा त्याच खिडकीकडे बघत होतं. टेबल बदललं. जेवणघरातल्या फडताळावर ठेवली, तिथे तर खिडकीच नाही. तरी गन त्याच दिशेला! मोबाईलमधला कंपास लावून पाहिला. उत्तर, पण नीट उत्तरही नाही, जराशी पश्चिमेकडे झुकलेली. काही लोक टरेटमध्ये लोहचुंबक बसवतात, मी बसवलेलं नव्हतं. आत नुसतं प्लास्टिक.

शेवटी मी ठेवणीतलं अस्त्र काढलं. दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक करताना पाकिटाला जी चिकटपट्टी लावतो, ती एकदा काढली की पुन्हा तशीच बसत नाही. गाडी मिठाईच्या पारदर्शक डब्यात ठेवली, डब्याला चारी बाजूंनी ती पट्टी लावली आणि वर माझी सही ठोकली. त्या संध्याकाळी टरेटच्या बुडाशी तेलकट काळ्या रंगाचा पातळ हात दिलेला होता, तो अजून ओला होता.

सकाळी पट्टी जशीच्या तशी. सही जशीच्या तशी. गन मनमाड रोडकडे. आणि ओल्या रंगात, टरेटच्या बुडाशी, फिरल्याची सुबक कमानदार रेघ.

भीती वाटली का? नाही हो. चिडचिड झाली. पेशंट दुखतंय म्हणून ओरडतोय आणि एक्स-रेत एकही दात वाईट दिसत नाहीये, तशी.

मी ते बघत उभी असतानाच अप्पा आले. सवयीनं गाडी मागितली. मी डबा उघडून त्यांच्या हातात दिली. त्यांची बोटं पुढच्या अंगाला गेली, तिथे गन नव्हती. मग चाचपत बाजूला आली.

"डॉक्टर, गन आडवी का केली?"

"मी नाही केली, अप्पा. होते आपोआप. रोज." खरं तर त्यांना सांगायचं नव्हतं, पण रात्रभराचा वैताग तोंडून निघून गेला.

"कुनीकडं बघतीय?"

"मनमाड रोडकडे. तुम्ही धरलीय त्यापेक्षा जरा अजून उजवीकडे."

त्यांनी गाडी हळूच मांडीवर ठेवली. म्हणाले, "टरेट कोन फिरवतं, ठाव हाय का? ड्रायव्हर न्हाई. गनर."

मग त्यांनी सांगितलं. गाडीत चौघं. कमांडर, गनर, गोळे भरणारा लोडर आणि पुढे खाली अप्पा. गनर कोल्हारचा, नाव रंगनाथ. एकाच जिल्ह्यातले म्हणून दोघांची गट्टी. या रंगनाथची एक खोड होती. दिवसभराची चाल संपून गाडी मुक्कामाला थांबली की इंजिन बंद व्हायच्या आत तो टरेट फिरवायचा आणि गनचं तोंड कोल्हारकडे करायचा. वाळवंटात असोत नाहीतर उसाच्या फडाकडेला. "घराकडं बघून घेतो," म्हणायचा. कमांडर रोज शिव्या घालायचे, गन पुन्हा सरळ करायला लावायचे, आणि हा दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

"ते गेल्याचं कसं कळलं?" मी विचारलं.

"माजी सैनिकांच्या मेळाव्यात कळलं. लई वर्सं झाली. मी घरी येऊन आंगुळ केली. सर्वपित्रीला तिघांची पानं वाढतो ना मी? त्यातलं एक त्याचंच."

हे मात्र मला माहीत होतं. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला घरच्या पितरांशिवाय आणखी तीन पानं गच्चीवर जातात. कोणाची ते आम्ही कधी विचारलं नव्हतं. फौजेतली माणसं असतील एवढंच समजून होतो.

अप्पा म्हणाले, "त्याच्या घरी आमंत्रन द्यायचं ऱ्हायलं. तो न्हाई, पन त्याची पोरं असतील. अक्षता घेऊन जाऊ. तो सांगतोय तर जायला पायजे."

मी डॉक्टर आहे, असल्या गोष्टींवर विश्वास नाही, वगैरे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. पण अप्पा स्वतःहून कुठेतरी जाऊ म्हणाले होते. मी अक्षता बांधून घेतल्या आणि रविवारी संतोषनं गाडी काढली.

विळद घाट उतरला, राहुरी मागे पडली. शिर्डीच्या गाड्यांची गर्दी, रस्त्यावरचे खड्डे, संतोषच्या शिव्या, सगळं नेहमीचंच. अप्पा मागच्या सीटवर मॉडेल मांडीवर घेऊन बसले होते. ते न्यायचंच हा त्यांचा हट्ट. खड्ड्यात एखादा बारीक भाग तुटणार हे दिसतच होतं, म्हणून मी माझी छोटी पेटी बरोबर घेतली होती — गोंद, चिमटा, कानशी, पॉलिश पेपर.

कोल्हारला चहाच्या टपरीवर विचारलं, "मिलिट्रीतल्या रंगनाथरावांचं घर कुठे?" त्यानं लगेच मळ्याचा रस्ता सांगितला. प्रवरेच्या अंगाला, दोन्हीकडे ऊस. घरासमोर बऱ्याच चपला. लेकी-जावयांच्या असाव्यात तशा. आत काहीतरी कार्य असावं असं वाटलं, पण आवाज मात्र कसलाच नव्हता.

एक बाई बाहेर आली. रंगनाथरावांची सून, मंगल. संतोषनं ओळख सांगितली, म्हणाला, "हे आमचे वडील. रंगनाथराव आणि हे एकाच रणगाड्यावर होते. ते तर आता नाहीत, पण घरच्यांना आमंत्रण—"

"न्हाईत म्हंजे?" मंगल दचकलीच. "हायेत की! आत पडल्यात. असं अभद्र कशाला बोलता दादा?"

अप्पांनी माझा दंड धरला. एवढ्या जोरात की मला वळ उठला.

घोटाळा असा होता. रंगनाथरावांचे थोरले भाऊही फौजेतच होते. गेले ते. मेळाव्यात कुणीतरी म्हणालं 'कोल्हारचा गेला', आणि अप्पांनी आपलाच समजला. रंगनाथराव तेव्हा सुरतेला मुलाकडे होते. तिथे बरीच वर्षं काढून, अर्धांगाचा झटका आल्यावर, गावी परत आले होते.

"पन बरं झालं आलात," मंगल डोळ्यांना पदर लावत म्हणाली. "आता काय खरं न्हाई बघा त्यांचं. खानं सोडलंय. दुधाचा घोट घेत्यात कसाबसा. आन् खाट फिरवायला लावली. दक्षिनेकडं तोंड पायजे, पाय बी तिकडंच. आमी किती सांगितलं, बाबा, तिकडं यमाची दिशा हाय. खाट वळवली की हातानं भित्ताला ढकलत्यात, रडत्यात. म्हनून समद्या लेकींला बोलावून घेतलं."

"कधीपासून?" मी विचारलं.

तिनं सांगितलं. मी मनातल्या मनात मागे मोजलं. मी टरेट बसवलं, साधारण त्याच सुमारास.

मी आत गेले. खाटेवर उशांना टेकून एक वाळलेला म्हातारा बसला होता आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत होता. मी कुणाच्या लक्षात येणार नाही असा मोबाईल काढला आणि कंपास लावला. दक्षिण, पण नीट दक्षिण नाही. जराशी पूर्वेकडे झुकलेली. तो माणूस यमाकडे बघत नव्हता. नगरकडे बघत होता... कंपास मी आणखी दोनदा लावून बघितला, हे मात्र कबूल करते.

अप्पांना कसं बोलवावं कळेना. पण ते संतोषचा हात सोडवून आत आले आणि उंबऱ्यातूनच म्हणाले, "रंग्या?"

म्हाताऱ्याची मान वळली. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. तरी काय म्हणाले ते आम्हा सगळ्यांना कळलं. "यवढा... उशीर?"

अप्पा चाचपडत खाटेपाशी गेले, खाली बसले आणि त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवायला लागले. आणि रडायला लागले. सासूबाई गेल्या तेव्हाही हा माणूस असा रडला नव्हता. रडता रडता सगळं सांगून टाकलं — मेळावा, आंघोळ, सर्वपित्रीचं पान.

"म्हंजे..." रंगनाथकाका शब्द गोळा करत म्हणाले, "मला... जितेपनी... कावळ्याला घातलं तू?"

"दरवर्सी!"

"काय... वाढायचा?"

"खीर, वडे. आळूची भाजी."

काका हसायला लागले. ओढलेल्या तोंडानं, खांदे हलवत. "म्हनूनच... जगलो मी!" जिवंत माणसाच्या मरणाची बातमी उठली की त्याचं आयुष्य वाढतं म्हणतात ना, ते. मंगल दारात उभी राहून रडतही होती आणि हसतही होती.

ते हसले तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं, आणि आतली दातांची डॉक्टर जागी झाली. खालची कवळी भलतीच सैल होती. मी मोबाईलचा उजेड पाडून बघितलं, तर कवळीच्या काठाखाली हिरडीला हा एवढा व्रण. झटक्यानंतर माणूस वाळला, जबडा आटला, जुनी कवळी घासायला लागली. सांगायला जीभ वळत नाही. घास घेतला की कळ यायची, म्हणून त्यांनी खाणं सोडलं होतं. आणि घरच्यांनी दक्षिणेकडचं तोंड आणि सोडलेलं अन्न एकत्र जोडून, बाबांनी निरोप घ्यायला सुरुवात केली असं धरलं होतं. त्यात त्यांची चूक काय? त्यांच्या जागी तुम्हीआम्ही काय वेगळं समजलो असतो?

हे वाचणाऱ्या डेंटिस्ट मंडळींनी मला नावं ठेवू नयेत. दवाखाना दूर होता आणि हाताशी फक्त मॉडेलची पेटी होती. न वापरलेली कानशी उकळत्या पाण्यात टाकली, कवळीचा टोचणारा काठ घासला आणि पॉलिश पेपर मारून गुळगुळीत केला. व्रणाला लावायचं औषध कोल्हारच्या मेडिकलमधून आणलं. मग मंगलनं दुधात भाकरी कुस्करून आणली, अगदी मऊ. काकांनी एक घास घेतला. थांबले. पुन्हा एक घेतला. वाटी संपवली आणि वाटीकडे बोट दाखवलं.

त्या घरात त्या क्षणी जो काही आनंद झाला ना... मी पुष्कळ कवळ्या बसवल्या आहेत. पण एवढं समाधान मला कुठल्याच कवळीनं दिलेलं नाही.

निघायच्या आधी मी खाटेजवळ बसले आणि विचारलं, "काका, तुम्ही तिकडे तोंड करून का बसायचात?"

त्यांना बोलायला वेळ लागला. तुकड्या-तुकड्यांनी म्हणाले, "तिकडून... गाडीचा आवाज यायचा. इंजान... चालू झाल्यावानी. ड्रायव्हरनं गाडी चालू केली... की गनरनं... जागेवर बसायचं आस्तंय."

माझ्या मॉडेलला इंजिन नाही. आत पोकळ आहे.

तर हे असं झालं. खाट त्याच दिवशी मंगलनं नेहमीच्या जागी फिरवली, काकांनी हूं की चूं केलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांना नगरला आणून मी नवी कवळी करून दिली. मॉडेल पूर्ण झालं. त्याचं टरेट त्या रविवारपासून केसभरही हललेलं नाही. मी पुन्हा डब्यात ठेवून, पट्टी लावून, सही करून बघितलं. ढिम्म. मी भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका मैत्रिणीला सगळं सांगितलं. तिनं प्लास्टिक गरम-गार होतं, आकुंचन पावतं वगैरे पुष्कळ सांगितलं. मग प्लास्टिकला कोल्हार कुठे आहे हे कसं कळलं, असं विचारल्यावर तिनं चहा मागवला. संतोषचं म्हणणं, तू दिशा मोजण्यात गडबड केलीस. मी गडबड केलेली नाही. उत्तर मात्र आता मी शोधतही नाही. ज्या गोष्टीनं एक म्हातारा जेवायला लागला आणि दुसरा बोलायला लागला, तिच्या मागे किती हात धुऊन लागायचं? अमावास्येला दवाखाना मात्र मी अजूनही उघडाच ठेवते.

सहस्रचंद्रदर्शन गेल्या महिन्यात झालं. मंगल काकांना व्हीलचेअरवर घेऊन आली. हॉलमध्ये पाहुणे, पोरांचा गोंधळ, भटजींचा माइक. अप्पांना पाटावर बसवलं होतं आणि काकांची खुर्ची त्यांच्या मागेच लावली होती. समोर आम्ही बायका दिव्यांचं ताट घेऊन ओवाळायला उभ्या. एवढे दिवे, पण अप्पांना त्यातला नुसता उजेड कळत होता. त्यांचं लक्षही तिकडे नव्हतं. दर थोड्या वेळानं ते मान जराशी मागे करायचे आणि विचारायचे, "रंग्या, हायस ना?"

भटजी मंत्र म्हणता म्हणता थांबायचे. आम्ही ताट धरून थांबायचो.

आणि मागून जड, ओढलेला, पण अगदी स्वच्छ आवाज यायचा, "हाय. तू चल पुढं."